बासरीखालचं बोलणं

मला याद्या करायची सवय आहे. चहा उकळेपर्यंत दिवसाची यादी होते. शाळेच्या ऑफिसात माझ्या टेबलावर तीन वह्या असतात आणि घरातल्या कॅलेंडरची मागची कोरी बाजूही माझ्या अक्षरांनी भरलेली असते. काम झालं की रेघ मारायची, आणि रेघ मारली की ते डोक्यातून जातं. माझी मुलं यावरून माझी चेष्टा करतात. एक काम मात्र वीस वर्षं वहीतून वहीत उतरवत आणलं आणि त्यावर रेघ पडली नाही. ते काय होतं, हे घरात कुणालाच ठाऊक नाही. म्हणून हे लिहिते आहे.

खुटबावला आमचं घर एक आणि चुली दोन. पुढच्या खोल्या आमच्या, मागच्या धाकट्या चुलत्यांच्या, बाळूकाकांच्या. मधल्या पडवीत दोन्ही घरांचं निवडण, टिपण, भांडण आणि बहुतेक वेळा जेवणही चाले. माझे वडील आप्पा थोरले, त्यामुळे रान एकत्र आणि शब्द त्यांचा. आई कमी बोलायची. तिच्या वाटणीचं सगळं सिंधूकाकी बोलायची. काकीचं माहेर भांडगाव, अगदी हायवेला लागून. नुसत्या हॉर्नवरून ट्रक पुण्याकडं चाललाय का सोलापूरकडं ते मला कळतं, असं ती छातीठोक सांगायची, आणि आम्ही पोरं तासन्‌तास तिची परीक्षा घ्यायचो. खरं-खोटं तपासायला तिथं कुणीच नसायचं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्या घराचे आवाज मला अजून क्रमानं आठवतात. आधी परातीतल्या भाकरीची थापथाप, मग वीज आली की विहिरीवरच्या मोटारीची घरघर, आणि मोटार चालू झाली की बाळूकाकांची सायकल, जिचा चेनकव्हर कधीच नीट बसला नाही. काका कुरकुंभला कंपनीत शिफ्टला जायचे आणि उरलेला सगळा वेळ विहिरीकडच्या रानात असायचे. बांधाला त्यांनी लिंबं लावली होती. एकेका झाडाशी ते थांबायचे आणि काकी पडवीतून ओरडायची, "अवो, त्यांना लेकरांसारखं काय बघताय, तुमची खरी लेकरं हितं उपाशी हायेत!" त्यांना दोन मुली होत्या, दोघी तेव्हा पहिली-दुसरीत.

मी कॉलेजसाठी शिरूरला मामांकडे राहायचे आणि शनिवारी न्हावऱ्यावरून एसटी पकडून चौफुल्याला उतरायचे. शनिवारी काकीच्या चुलीवर हुलग्याची शेंगोळी असायची. लसणाची फोडणी, पातळसर रस्सा, आणि तिच्या बोटांचे ठसे असलेले ते छोटे छोटे वळसे. आईला शेंगोळी यायची नाहीत असं नाही, पण काकीनं करावीत अशी एक न बोललेली रीत पडून गेली होती. "शिरूरचं पाणी प्यून वाळली बघ पोरगी," असं म्हणत ती माझ्या ताटलीत तिसऱ्यांदा वाढायची.

मामांचा शिरूरला फोटो स्टुडिओ होता. लग्नाचं शूटिंग हा त्यांचा खरा धंदा. कॉलेज सुटलं की मी दुकानात बसायचे, आणि वर्षभरात मला कॅमेरा धरता यायला लागला, पुढं कॉम्प्युटरवर एडिटिंगचं जोडकामही. मामांचे नियम थोडे होते आणि ते मी वहीत उतरवून घेतले होते. मांडवात आलेला प्रत्येक मानाचा माणूस एकदा तरी दिसलाच पाहिजे. "नवरीचा एक शॉट हुकला तर चालतंय," ते म्हणायचे, "पण नवरदेवाची आत्या हुकली ना वैशाली, तर उद्या माझं शटर खाली." दुसरा नियम कॅसेटचा. शूटिंग त्या वेळी छोट्या कॅसेटवर व्हायचं. जोडकाम होऊन सीडी गिऱ्हाइकाच्या हातात गेली की तीच कॅसेट पुसून पुढच्या लग्नाला. लगीनसराईत एकेक कॅसेट पाच-पाच लग्नं जेवायची. त्यात कुणाला काही वाईट वाटायचं कारण नव्हतं.

दौंडच्या एका मंडळानं लघुपटांची स्पर्धा आणि दोन दिवसांचा महोत्सव ठेवला आहे, असा कागद कॉलेजच्या फळ्यावर लागला. विषय होता 'माझ्या गावची रीत'. दहा मिनिटांची मर्यादा. आलेल्या सगळ्या फिल्म मोठ्या पडद्यावर दाखवणार आणि परीक्षक पुण्याहून येणार. मी तो कागद शब्दन्‌शब्द उतरवून घेतला. तोवर मी मामांच्या दुकानातली भाची होते, जी पाहुण्यांना 'जरा पुढं सरका' म्हणते. मला त्याच्या पलीकडे कुणीतरी व्हायचं होतं. काय ते मला सांगता आलं नसतं, पण भूक सपाटून लागली होती. शेंगोळ्यांवर फिल्म करायची असं मी ठरवलं. काकीला सांगितल्यावर ती हसून हसून पडवीत बसली. "माझी बोटं सिनेमात! मंग नखं कापाय पायजेत."

त्याच पंधरवड्यात बाळूकाका शिफ्टला जाताना हायवेवर अपघातात गेले. मोटरसायकल नवी होती, एवढंच लिहिते.

दहाव्याला कॅमेरा आणायला आप्पांनीच सांगितलं. आमच्याकडं दहाव्याला पुढारी येतात, मांडवात माईक लागतो, प्रवचन होतं आणि मग एकेक जण उठून श्रद्धांजलीची भाषणं करतो. भावकीत दोन घरांनी दहाव्याचं शूटिंग केलं होतं. आप्पा म्हणाले, "आपल्या बाळूचं पण व्हायला पायजे. कोण कोण आलं ते राहील." मी कॅमेरा आणला. आणि इथं पहिली लाज लिहून ठेवते. एसटीत बसल्या बसल्या मी वहीत शेंगोळ्यांवर काट मारली होती आणि खाली लिहिलं होतं, 'पिंडाला कावळा. घाट. काकीचा चेहरा जवळून.' काका जाऊन दहा दिवसही झाले नव्हते.

नदीवर पिंड मांडले तेव्हा नऊ वाजून गेले असतील. मांडव वरच्या अंगाला होता आणि कर्ण्यावरून महाराजांचं प्रवचन सगळ्या घाटभर घुमत होतं. खाली पिंडापाशी मोजकी माणसं होतो. गुरुजी, आप्पा, दोन मुलींना धरून उभी असलेली काकी आणि कॅमेरा घेतलेली मी. झाडावर कावळे होते, पण एकही खाली येत नव्हता. पाऊण तास गेला. गुरुजी हळूच म्हणाले, "आप्पा, काहीतरी राहिलंय त्यांच्या मनात. बोला, नाहीतर मी दर्भाचा कावळा करतो."

दर्भाचा कावळा करून शिवणं म्हणजे माणूस अडकून राहिला, असं आमच्यात सगळे मानतात. काकीनं मान हलवली. "नको. त्यो नको."

आप्पा पुढं झाले. "बाळू, पोरींची शिक्षणं मी करीन," ते म्हणाले. कावळा जागचा हलला नाही. "लग्नं थाटात करीन." तरीही नाही. तेवढ्यात वीज गेली. कर्णा मध्येच बंद पडला आणि घाटावर इतकं शांत झालं की पाण्याचा आवाज यायला लागला. मांडवात कुणीतरी जनरेटर, जनरेटर म्हणत होतं. त्या शांततेत आप्पा उकिडवे बसले, हात जोडले आणि अगदी खालच्या आवाजात बोलले, "बाळू, विहिरीकडचं रान सिंधूचं. माझ्या पोरांना त्यात पाय ठेवू द्यायचा न्हाई. शब्द हाय माझा. आता घास घे बाबा." त्यांचा आवाज फाटला होता. मी कॅमेरा आप्पांवरून काकीच्या चेहऱ्यावर आणि तिथून पिंडाकडं नेला, आणि कावळा आला. शॉट कुठंही तुटला नाही. मामांचा मुलाखतीचा माईक मी कॅमेऱ्याला लावलेला होता. मला आठवतं, कावळा उडाल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो हा की, मिळाला. आप्पा खोटं बोलले असं मी तेव्हाही मानलं नाही, आजही मानत नाही. त्या घटकेला ते खरं होतं.

तीन-चार महिन्यांनी वाटपाचं बोलणं निघालं. काकीच्या भावांनी सुचवलं की वहिवाट आत्ताच ठरवून घ्यावी. आप्पा म्हणाले की, वाटप रीतसर होईल, सिंधूच्या वाट्याला माळाचं रान येईल, एकराला एकर भरतंय. माळ म्हणजे मुरूम. तिथं हुलगासुद्धा देवावर हवाला ठेवून पेरायचा. काकी भांडली नाही. एका शनिवारी शेंगोळी वळता वळता ती मला म्हणाली, "तुझ्या मशिनीत हाय न्हवं गं ते? आप्पा बोलले ते?"

"आहे की."

"आन् दौंडाला तुझा सिनेमा दाखवणार म्हंत्यात. भावकी जाणार हाय समदी, जीप सांगितलीया." तिनं वळसा परातीत ठेवला. "मला कोर्टकचेरी करायची न्हाई वैशू. थोरल्या दिराला तोंडावर कसं म्हणू की तुम्ही शब्द दिलाता? त्येंनी त्येंचा आवाज चारचौघांत एकदा ऐकावा, बस. मंग त्येच देत्यात. मी वळखती त्यांना."

मी हो म्हणाले. तोंड भरलेलं होतं, तशीच हो म्हणाले.

फिल्म पाठवायला चार दिवस उरले असताना आप्पा शिरूरला आले. हातात पिशवी, पिशवीत वांगी आणि गवार. दुकानात स्टुलावर बसले, पाणी प्यायले, मामांशी पाऊसपाण्याचं बोलले. मी कॉम्प्युटरपुढं होते. पडद्यावर काकीचा चेहरा थांबलेला होता. त्यांनी तो पाहिला. बराच वेळ पाहिला.

"मी बोललो ते यात येतंय का?"

"येतंय आप्पा."

"त्येवढं राहू दे मग. घरातलं बोलणं हाय ते." मग म्हणाले, "तुझा भाऊ उद्या काय खाईल? माळावर दगडं?" ते चिडलेले नव्हते. विनवणी होती ती, आणि आप्पांनी मला विनवावं ही गोष्ट माझ्या आयुष्यात कधी घडली नव्हती. पिशवी टेबलावर ठेवून ते साडेचारच्या गाडीनं गेले.

मी वडिलांच्या धाकानं केलं असं लिहिलं तर लोक मला माफ करतील. पण तसं नव्हतं. त्या शॉटखाली बोलणं असू नये, बासरी असावी, असं मला आधीच वाटायला लागलं होतं. आप्पांचं ते रानाचं बोलणं फार घरगुती वाटायचं. पुण्याच्या परीक्षकांना त्यातलं काय कळणार, विहिरीकडचं काय आणि माळाचं काय? बासरी लावून पाहिली तर माझ्याच अंगावर काटा आला. आप्पांच्या येण्यानं मला कारण मिळालं, एवढंच. मी वहीत लिहिलं, 'आप्पांचे बोलणे काढणे. बासरी.' आणि काम झाल्यावर रेघ मारली.

दोन दिवसांनी मामांनी विचारलं, "ती दहाव्याची कॅसेट ठेवायची का गं? रविवारी दोन लग्नं हायेत, आपल्याकडं कमी पडत्यात."

मी त्यांना थांबवू शकत होते. घरी दिलेल्या सीडीत मांडवातली भाषणंच होती, आप्पांचं ते बोलणं आता त्या एका कॅसेटवरच उरलं होतं. "घ्या," मी म्हणाले.

दौंडला सभागृह भरलं होतं. खुटबावची जीप वेळेच्या तासभर आधी येऊन थांबली. आप्पा पांढऱ्या कपड्यांत, भावकीतले सात-आठ जण, आणि काकी. तिनं मुलींना शाळेच्या गणवेशात आणलं होतं, कारण त्यांचे ते सगळ्यात नीट कपडे होते. ती आप्पांच्या मागच्या रांगेत बसली, मुद्दाम, थोडी तिरकी, त्यांचा चेहरा बाजूनं दिसेल अशी. मी पडद्याच्या कडेला उभी होते आणि मला ते सगळं दिसत होतं. मी तेव्हाही जाऊन तिच्या कानात सांगू शकले असते. माझ्या हातात कार्यक्रमपत्रिका होती, ती मी चौथ्यांदा वाचली.

फिल्म सुरू झाली. घाट, पाणी, गुरुजींचे हात. "बाळू, पोरींची शिक्षणं मी करीन," हे वाक्य मी ठेवलं होतं, आणि लग्नांचंही. भावकीतले माना हलवत होते. आप्पांची पाठ ताठ होती. मग शांतता झाली. काकी पुढं झुकली, दोन्ही हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर. पडद्यावर आप्पा उकिडवे बसले, त्यांचे ओठ हलले, आणि बासरी वाजली. मग काकीचा चेहरा पडद्यावर दहा फुटांचा होता आणि खाली अंधारात खराखुरा, आणि दोन्हीकडं ती वाट पाहत होती. कावळा आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या तरी ती तशीच झुकलेली होती, जणू आवाज मागून येईल.

मला दुसरा क्रमांक मिळाला. परीक्षकांपैकी एक बाई म्हणाल्या की, तो शॉट आणि ती बासरी, मुलीनं शब्दांचा मोह टाळला. आप्पांना स्टेजवर बोलावून शाल दिली. ती शाल त्यांनी घरी आल्यावर ट्रंकेत टाकली आणि पुन्हा बाहेर काढलेली मी पाहिली नाही.

बाहेर वडापावच्या गाडीपाशी काकी मुलींना भरवत उभी होती. मी गेले. जायला नको होतं, पण न जाणं आणखी दिसलं असतं.

"लई मोठा सिनेमा झाला गं," ती म्हणाली. मग हळूच, "आवाज कुठं गेला त्यो?"

"कर्णा आड आला काकी. प्रवचनाचा. नीट ऐकूच येत नव्हतं."

तिनं धाकटीच्या तोंडाला लागलेली चटणी पदरानं पुसली. "कर्णा बंद हुता की तवा," ती म्हणाली. "लाइट गेलती."

एक वडापाव कागदात गुंडाळून तिनं माझ्या हातात दिला. "खा. सकाळपास्नं उभी हायस." आणि ती जीपकडं गेली.

वाटप आप्पा म्हणाले तसंच झालं. काकीनं सह्या केल्या. दोनेक वर्षांनी ती कुरकुंभला एका कंपनीत पॅकिंगला लागली, कधी पहिली पाळी, कधी दुसरी, आणि मागच्या खोल्या सोडून मुलींना घेऊन भांडगावला भावाशेजारी राहायला गेली. आमची पडवी त्यानंतर नुसती जायची-यायची जागा झाली. विहिरीकडच्या रानातल्या उसावर माझं लग्न थाटात झालं. आज ते रान माझा भाऊ करतो. बांधावरची लिंबं त्यानं काढली, उसाला सावली पडते म्हणून. मी पुन्हा फिल्म केली नाही. लोक विचारतात तेव्हा मी संसाराचं नाव सांगते. खरं हे आहे की कानाला हेडफोन लावला की मला ते वाक्य ऐकू यायचं. पुसण्यापूर्वी मी ते इतक्या वेळा ऐकलं होतं की त्यातला आप्पांचा श्वास कुठं अडतो तेसुद्धा पाठ झालं होतं.

काकीला मी लग्नाकार्यात भेटायचे. ती विचारपूस करायची, मुलांना जवळ घ्यायची. तिचं वागणं कधी बदललं नाही, आणि मला त्याचाच धसका बसला होता. 'काकीला सांगणे' हे वहीतलं जुनं काम घेऊन गेल्या दिवाळीनंतर एका रविवारी मी शिरूरहून भांडगावला गेले. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं, माझ्या सवयीप्रमाणं. ती ओट्यावर सुपात हुलगे पाखडत बसली होती. आता कंपनी सुटली आहे, गुडघे दुखतात, मुली आपापल्या घरी आहेत. कागद पर्समध्येच राहिला. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. आप्पांचं येणं सांगितलं, ते आधीच माझ्या मनात होतं हेही सांगितलं, आणि कॅसेटचंही.

तिनं सूप थांबवलं नाही. "मला त्याच दिशी कळलं हुतं, वैशे. वडापावच्या गाडीपाशी."

"मग बोलली का नाहीस?"

"दोन वर्सं वाट बघितली तुझी. म्हणलं पोरगी शिकलेली हाय, तिला झोप लागायची न्हाई, यील. जमिनीचं मी सोडलंतं गं. आप्पांचं पण. पुरुषमाणूस हाय, रानासाठी फिरला. तुझी तेवढी वाट बघितली." तिनं एक खडा बोटानं उडवला. "मंग पाळ्या सुरू झाल्या. वाट बघाय येळ कुठला."

एक ट्रक हायवेनं गेला. मी तिथंच खाली बसले.

"आता कशाला आलीस? माफी मागाया?"

"हो."

"मंग माग की. नुस्तं सांगतीयास मघापास्नं, मागत न्हाईस."

हे खरं होतं. एवढं सगळं बोलून झालं होतं, पण तो शब्द मी उच्चारला नव्हता, आणि माझ्या तेही लक्षात आलं नव्हतं. मी तो उच्चारला. नीट ऐकू गेला नसेल म्हणून दुसऱ्यांदा म्हणाले.

काकीनं सूप मांडीवर ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडं सरळ पाहिलं. ती हसेल, पाठीवर हात ठेवेल, जाऊ दे गं म्हणेल, असं मला वाटत होतं. एवढी वर्षं मी त्याच आशेवर होते.

"ऐकलं," ती म्हणाली, आणि हुलगे घेऊन आत गेली.